एकेक की सगळे एकदम? डिप्लॉयमेंटवरचे वाचकांचे प्रश्न

डिप्लॉयमेंटचे (म्हणजे नवीन सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याचे) या वेळचे प्रश्न वाचताना एक गंमत झाली, प्रत्येकाचं टूल वेगळं पण ठेच सगळ्यांना जवळपास त्याच दगडाची लागलेली. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्तच जागा दिलीय, तो नीट कळला की बाकीचे अर्धे तिथेच सुटतात.

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्याकडे लोड बॅलन्सरच्या (येणारं काम सर्व्हरांत वाटून देणाऱ्या मशीनच्या) मागे 12 वेब सर्व्हर आहेत. अॅन्सिबलच्या (अनेक सर्व्हरवर कामं चालवणाऱ्या टूलच्या) प्लेबुकमध्ये, म्हणजे कामांच्या फाइलमध्ये, साधे पाच टास्क आहेत, सर्व्हिस बंद करा, नवीन पॅकेज टाका, कॉन्फिग कॉपी करा, सर्व्हिस चालू करा आणि शेवटी हेल्थ चेक (सर्व्हिस नीट उठली का ते बघणं). साइट बंद पडू नये म्हणून मी मुद्दाम फोर्क्स 1 केलं, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर. तरी डिप्लॉय चालू असताना साइट पूर्ण आडवी झाली आणि शेवटचे टास्क होईपर्यंत उठलीच नाही. एकेक करूनही सगळे एकदम बंद कसे पडले?

उत्तर: तुम्ही एकेकच केलंत हो, पण एकेक काय केलंत तिथे गल्लत झाली. असं बघा, बाईंसमोर 12 पेपर आहेत आणि प्रत्येकात पाच प्रश्न. बाई दोन प्रकारे तपासू शकतात. एक तर पहिला पेपर पूर्ण तपासून बाजूला ठेवायचा, मग दुसरा. नाहीतर बाराही पेपरांचा पहिला प्रश्न आधी तपासायचा, मग सगळ्यांचा दुसरा, मग तिसरा. दोन्हीत बाई एकच आहेत आणि हातात एका वेळी एकच पेपर आहे, पण दुसऱ्या पद्धतीत बराच वेळ बाराच्या बारा पेपर अर्धवट पडलेले असतात.

अॅन्सिबल डिफॉल्टला दुसऱ्या पद्धतीने चालतं. त्याला लिनियर स्ट्रॅटेजी म्हणतात, एक टास्क सगळ्या होस्टवर (म्हणजे सर्व्हरवर) झाल्याशिवाय पुढच्या टास्कला हात लावायचा नाही. फोर्क्स म्हणजे फक्त बाई किती, बाकी काही नाही. डिफॉल्ट 5 असतात, तुम्ही 1 केलंत. तर झालं असं की तुमच्या एकट्या बाईंनी आधी बाराही सर्व्हरची सर्व्हिस एकामागून एक बंद केली, मग सावकाश बाराही ठिकाणी पॅकेज टाकलं, आणि बाई एकच असल्यामुळे हे सगळं आणखी हळू झालं. म्हणजे फोर्क्स 5 ठेवले असते तरी साइट पडलीच असती, पण लवकर उठली असती. तुमच्या काळजीनेच बंदचा वेळ वाढवला, राग मानू नका.

तुम्हाला हवं होतं ते सीरियल. प्लेमध्ये (प्लेबुकमधल्या एका भागात) होस्ट्सच्या खाली सीरियल: 1 लिहिलं की अॅन्सिबल 12 सर्व्हरच्या 12 बॅच करतं आणि अख्खा प्ले पहिल्या बॅचवर पूर्ण करून मगच दुसऱ्या बॅचकडे वळतं. हे झालं पेपर पूर्ण तपासणं. एकेक फार हळू वाटत असेल तर सीरियलला यादी देता येते, 1, 3, 4 अशी, मग पहिल्यांदा एकच सर्व्हर, तो नीट उठला तर पुढचे तीन, मग चार आणि शेवटचा आकडा पुन्हा वापरून उरलेले चार. मला हीच पद्धत आवडते, पहिला एकटा जातो त्यात काय ती घाण बाहेर पडते.

पण सीरियल लिहून झोपायला जाऊ नका, त्याच्या पोटात तीन-चार खोड्या आहेत.

पहिली म्हणजे चूक झाल्यावर थांबतं का. एका होस्टवर टास्क फेल झाला की अॅन्सिबल त्या होस्टला वगळतं आणि बाकीच्यांना घेऊन पुढे जातं. बॅचमधले सगळेच फेल झाले तर मात्र प्ले थांबतो, त्यामुळे सीरियल 1 असेल तर आपोआप थांबता. पण बॅच 3 ची असेल आणि त्यातला एकच पडला तर गाडी पुढच्या बॅचला चालली, आणि असं प्रत्येक बॅचला एकेक पडत गेला तर शेवटी चार सर्व्हर गेलेले असतात. त्यासाठी मॅक्स फेल पर्सेंटेज 0 लिहा. इथे एक बारीक गोष्ट आहे, दिलेला आकडा ओलांडला तरच थांबतं, बरोबरीला नाही. चारच्या बॅचमध्ये दोन पडल्यावर थांबायचं असेल तर 50 लिहून उपयोग नाही, 49 लिहावं लागतं.

दुसरी खोडी रन वन्सची. डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) एकदाच व्हावं म्हणून लोक टास्कला रन वन्स लावतात आणि निर्धास्त होतात. सीरियल लावल्यावर रन वन्स म्हणजे प्रत्येक बॅचला एकदा. सीरियल 1 वर 12 सर्व्हर म्हणजे मायग्रेशन 12 वेळा. तुमचं मायग्रेशन पुन्हा चालवलं तरी बिघडत नसेल तर ठीक, नाहीतर ते सरळ वेगळ्या प्लेमध्ये काढा, सीरियलवाल्या प्लेच्या आधी. व्हेन (अट) लावून फक्त पहिल्या होस्टवर चालवायचा उपायही आहे, पण सहा महिन्यांनी दुसरा कोणी ती फाइल वाचेल तेव्हा त्याला वेगळा प्लेच पटकन कळेल.

तिसऱ्या खोडीत मी स्वतः तोंडावर पडलेय. एका जुन्या नोकरीत आमचा रीस्टार्ट हँडलरमध्ये (काही बदललं तरच चालणाऱ्या टास्कमध्ये) होता, आणि टास्कच्या शेवटी हेल्थ चेक. कॉन्फिग बदलली की हँडलरला निरोप जातो, पण हँडलर लगेच चालत नाही, टास्क सगळे संपल्यावर चालतो. म्हणजे आमचा हेल्थ चेक प्रत्येक वेळी जुन्याच प्रोसेसला विचारत होता, बाई बरी आहेस का, ती म्हणायची हो, मग हिरवा रंग, मग हँडलर यायचा आणि रीस्टार्ट करायचा, नवीन प्रोसेस चुकीच्या कॉन्फिगमुळे दोन सेकंदांत मरायची आणि तोवर पुढची बॅच सुरू. अगदी शिस्तीत, एकेक करून, सगळे सर्व्हर आम्ही पाडले. आणि स्क्रीनवर एकही लाल ओळ नाही! उपाय एका ओळीचा आहे, हेल्थ चेकच्या आधी मेटा फ्लश हँडलर्स, म्हणजे थांबलेले हँडलर तिथल्या तिथे चालतात. आणि चेक एकदाच विचारून सोडू नका, अनटिल, रिट्राइज आणि डिले लावून थोडा वेळ विचारत राहा, सर्व्हिसला उठायला वेळ लागतो.

शेवटची, लोड बॅलन्सरमधून सर्व्हर काढणं आणि परत घालणं. तुमच्या यादीत ते टास्कच नाहीत, ते आधी आणि नंतर टाकायला हवेत, सर्व्हिस बंद करायच्या आधी सर्व्हर बाहेर काढायचा, चेक पास झाला की आत. हे डेलिगेट टू (टास्क दुसऱ्याच मशीनवर चालवणं) वापरून करतात. बॅच 3 ची असेल तर तीन होस्टकडून एकाच वेळी लोड बॅलन्सरच्या एकाच फाइलवर हात पडतो आणि कोणाचा तरी बदल पुसला जातो. त्या एका टास्कला थ्रॉटल: 1 (एका वेळी एकच होस्ट) लावा, अॅन्सिबल 2.9 पासून आहे. थ्रॉटल फक्त वेग कमी करू शकतं, फोर्क्स किंवा सीरियलपेक्षा वर नेऊ शकत नाही.

आता फोर्क्स परत 5 वर ठेवा, तो बिचारा निर्दोष होता.

प्रश्न: ताई, आम्ही कुठलंही टूल वापरत नाही, साधी बॅश स्क्रिप्ट आहे. फाइलमधून सर्व्हरची नावं व्हाइल रीड लूपने वाचतो आणि आत एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून) कमांड चालवतो. स्क्रिप्ट पहिल्याच सर्व्हरवर चालून गपचूप संपते, एरर नाही काही नाही. वैतागून मी सगळं एक्सआर्ग्जला (यादीतल्या नावांवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) मायनस पी 10, म्हणजे एका वेळी दहा, लावून पॅरलल केलं तर ते कधी कधी मध्येच थांबतं. टूल घ्यायलाच हवं का?

उत्तर: घ्याच असं नाही, पण आधी हे दोन्ही समजून घ्या, दोन्ही जुने आणि नामांकित चकवे आहेत.

पहिला. व्हाइल रीड जिथून नावं वाचतं ती स्टँडर्ड इनपुट, आणि लूपच्या आत चालणारं एसएसएचही तीच इनपुट वाचतं. म्हणजे पहिल्या सर्व्हरचं एसएसएच उरलेली सगळी नावं गिळून बसतं, लूप परत वाचायला जातो तर फाइल संपलेली. एरर कुठून येणार, त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालं. एसएसएचला मायनस एन द्या किंवा त्याची इनपुट डेव्ह नलवरून (कायम रिकाम्या फाइलवरून) वळवा, संपला विषय.

दुसरा जास्त मजेशीर आहे. एक्सआर्ग्जचा नियम आहे की चालवलेली कमांड 255 कोडने संपली तर ताबडतोब थांबायचं, पुढची नावं घ्यायचीच नाहीत. आणि एसएसएचला जोडणीच जमली नाही तर तो कुठला कोड देतो? 255. म्हणजे एखादा सर्व्हर बंद असला की तुमचं अख्खं काम तिथे थांबतं, आणि कुठला बंद असेल ते रोज वेगळं म्हणून "कधी कधी". एसएसएच एका छोट्या स्क्रिप्टमध्ये गुंडाळा जी 255 आला तर 1 परत देईल, मग एक्सआर्ग्ज सगळ्यांवर चालून शेवटी 123 देतं, म्हणजे कोणीतरी फेल झालं एवढं कळतं. कोण ते कळायला प्रत्येक सर्व्हरचा आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये टाका, नाहीतर दहा जण एकदम बोलल्यावर ओळी एकमेकांत घुसतात आणि कोणी काय म्हटलं काही समजत नाही.

तिसरं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचारणार म्हणून आत्ताच सांगते. बरेच जण लूपमध्ये अँपरसँड लावून सगळं बॅकग्राउंडला सोडतात आणि शेवटी नुसतं वेट लिहितात. नुसतं वेट नेहमी 0 देतं, दहातले दहा फेल झाले तरी. प्रत्येकाचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) जपून ठेवा आणि एकेकासाठी वेगळं वेट करा, तरच खरा कोड मिळतो.

टूल घ्यायचं का, तर सर्व्हर 5-6 असतील आणि काम एक-दोन कमांडचं असेल तर स्क्रिप्ट पुरे. रोलबॅक (जुन्या व्हर्जनवर परतणं), बॅच, हेल्थ चेक हे शब्द स्क्रिप्टमध्ये यायला लागले की तुम्ही टूलच लिहायला घेतलंय, तेही वाईट.

प्रश्न: आमचे जवळपास 80 सर्व्हर आहेत, सगळे एका जंप होस्टच्या (ज्यातून आत जावं लागतं त्या मशीनच्या) पलीकडे. प्लेबुकला फार वेळ लागतो म्हणून फोर्क्स 5 चे 50 केले. आता दर वेळी सुरुवातीलाच काही होस्ट अनरीचेबल येतात, "कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट" असं काहीतरी, आणि प्रत्येक वेळी वेगळेच होस्ट! परत चालवलं की तेच होस्ट नीट चालतात. नेटवर्कवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ठीक आहे.

उत्तर: नेटवर्कवाले या वेळी खरं बोलतायत. "दर वेळी वेगळे होस्ट" हे वाक्य लिहिलंत तिथेच उत्तर आहे. एखादा सर्व्हर बिघडला असता तर रोज तोच आला असता, इथे वाटेतली कुठलीतरी मर्यादा भरतेय आणि त्या क्षणी रांगेत जो असेल तो बाहेर फेकला जातोय.

ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये मॅक्सस्टार्टअप्स नावाचं सेटिंग आहे, डिफॉल्ट 10:30:100. वाचायचं असं, ज्यांची ओळख अजून पटलेली नाही, म्हणजे लॉगिन पूर्ण झालेलं नाही, अशा जोडण्या 10 झाल्या की पुढच्या येणाऱ्यांतल्या साधारण 30 टक्के सरळ तोडायच्या, हा टक्का वाढत वाढत जातो आणि 100 झाल्या की सगळ्यांना नकार. तुमच्या 50 प्रोसेस एकाच क्षणी त्या एकाच जंप होस्टचं दार ठोठावतात, दहा आत घेईपर्यंत बाकीच्यांवर नशिबाचा खेळ चालू. एकदा लॉगिन झालं की तो हिशेबातून सुटतो, म्हणून त्रास फक्त सुरुवातीला होतो आणि परत चालवलं की निम्मं काम आधीच उघड्या असलेल्या जोडण्यांवर होतं. जंप होस्टच्या एसएसएचडीचा (एसएसएच सर्व्हरचा) लॉग बघा, नवीन व्हर्जन असेल तर मॅक्सस्टार्टअप्सचं नाव घेऊन तक्रार केलेली सापडेल.

उपाय कुठे करायचा ते जंप होस्ट कोणाच्या ताब्यात आहे त्यावर आहे. तुमच्या हातात असेल तर आकडा वाढवा. नसेल तर तुमच्या बाजूने एसएसएचचं कंट्रोल मास्टर जंप होस्टसाठी चालू करा, एकच जोडणी आधी उघडून ठेवायची आणि बाकी सगळ्यांनी त्यातूनच जायचं, मग दार 50 वेळा ठोठवावंच लागत नाही. तेही नको असेल तर फोर्क्स 20 वगैरे करून बघा, आणि एसएसएच कनेक्शनचे रिट्राइज 3 ठेवा.

आणि एक विचारते, 50 केल्यावर किती वेळ वाचला ते मोजलंत का? हिशेब सोपा आहे, 80 होस्ट आणि 5 फोर्क्स म्हणजे एका टास्कच्या 16 फेऱ्या, टास्क 30 सेकंदांचा असेल तर 8 मिनिटं. 20 केलं की 4 फेऱ्या, 2 मिनिटं. 40 केलं की 1 मिनिट. 5 वरून 20 ला सहा मिनिटं वाचली, 20 वरून 40 ला फक्त एक. त्यात प्रत्येक फोर्क ही वेगळी प्रोसेस असते, तुमच्याच मशीनची मेमरी खाते, आणि 50 सर्व्हर एकदम पॅकेज ओढायला लागले की रिपॉझिटरीचा सर्व्हर दमतो आणि 30 सेकंदांचा टास्क दीड मिनिटाचा होतो. आधी प्रोफाइल टास्क्स हा कॉलबॅक चालू करा, तो प्रत्येक टास्कला किती वेळ गेला ते छापतो. बऱ्याचदा एखादाच टास्क बसून राहिलेला असतो आणि त्याचा फोर्क्सशी काही संबंध नसतो. लूपवाला टास्क असेल तर नक्की बघा, फोर्क्स कितीही वाढवले तरी एका होस्टवरचा लूप एकामागून एकच चालतो.

प्रश्न: मॅडम, डिप्लॉयसाठी कॅपिस्ट्रानो 3 हे टूल वापरतो, 6 अॅप सर्व्हर. स्टॉप आणि स्टार्ट असे दोन ऑन ब्लॉक (कुठल्या सर्व्हरवर काय चालवायचं ते सांगणारे तुकडे) लिहिलेत, दोन्हींना इन सिक्वेन्स आणि वेट 10 दिलंय, तरी सगळे सर्व्हर एकाच वेळी बंद असतात. दुसरं म्हणजे तिसऱ्या एका ब्लॉकमध्ये होस्टचं नाव बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून कॉन्फिग फाइल बनवतो, तर कधी कधी एका सर्व्हरवर दुसऱ्याचंच नाव जातं.

उत्तर: पहिल्या भागासाठी वरचे पेपर तपासणाऱ्या बाई आठवा, अगदी तेच. सिक्वेन्स हे त्या एका ऑन ब्लॉकपुरतं असतं. स्टॉपचा ब्लॉक सहाही सर्व्हरवर एकेक करून संपतो आणि मगच स्टार्टचा ब्लॉक सुरू होतो. स्टॉप आणि स्टार्ट एकाच ब्लॉकमध्ये आणा, मध्ये चेक टाका, झालं. वेट 10 म्हणजे फक्त दहा सेकंद गप्प बसणं आहे, सर्व्हर उठला का ते तो विचारत नाही, त्यामुळे चेक तुम्हालाच लिहावा लागेल. सहाचे एकेक नको असतील तर इन ग्रुप्स आणि लिमिट 2 पण आहे.

दुसऱ्या भागात, तिसऱ्या ब्लॉकला तुम्ही काहीच दिलेलं नाही ना? मग तो पॅरलल आहे, कॅपिस्ट्रानो 3 चं डिफॉल्टच ते. प्रत्येक होस्टसाठी वेगळा थ्रेड (एकाच प्रोसेसमधला कामाचा धागा) चालतो आणि बाहेरचं व्हेरिएबल सहाही जणांचं एकच, एकाने नाव लिहिलं आणि वापरायच्या आधी दुसऱ्याने त्यावर आपलं लिहिलं. ब्लॉकला होस्ट हा आर्ग्युमेंट मिळतो तोच आतल्या आत वापरा, बाहेर काही ठेवू नका. सिक्वेन्स लावूनही लक्षण जाईल पण चूक तशीच राहील, आणि एक दिवस कोणीतरी वेग वाढवायला तो शब्द काढेल.

जाता जाता, फॅब्रिक 1 या टूलवरून आलेल्यांची इथे उलटी फजिती होते. तिथे डिफॉल्ट एकेक होस्ट, आणि एक टास्क म्हणजे अख्खं फंक्शन एका होस्टवर पूर्ण होऊन मग पुढचा, त्यामुळे स्टॉप-स्टार्ट एका फंक्शनमध्ये असलं की सगळं आपोआप बरोबर चालायचं. आणि पॅरलल लावलं की तिथे थ्रेड नाही, वेगळ्या प्रोसेस, म्हणजे बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं कोणालाच दिसत नाही. फॅब्रिक 2 मध्ये सीरियल ग्रुप आणि थ्रेडिंग ग्रुप असे दोन वेगळे प्रकारच आहेत, तिथे निदान नावावरून कळतं.

प्रश्न: अॅन्सिबलमध्ये फ्री स्ट्रॅटेजी लावली तर सगळंच फास्ट होईल ना? आणि असिंक (टास्क बॅकग्राउंडला सोडणं) वापरू का?

उत्तर: फ्रीमध्ये होस्ट एकमेकांसाठी थांबत नाहीत, ज्याचं झालं तो पुढे. पॅचिंगसारखं काम असेल, जिथे कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही, तिथे मस्त. डिप्लॉयला मी नाही लावणार, कारण रन वन्स फ्रीमध्ये चालत नाही, एक इशारा छापून तो टास्क सगळ्या होस्टवर चालतो. मायग्रेशनचं वर सांगितलंच.

असिंक लांब चालणाऱ्या एकाच टास्कसाठी ठेवा, बॅकअप वगैरे. पोल 0 दिलंत तर अॅन्सिबल काम सोडून लगेच पुढे जातं, ते संपलं की फसलं याचं त्याला सोयरसुतक नाही, म्हणून पुढे कुठेतरी असिंक स्टेटसने अनटिल लावून विचारावंच लागतं. आणि एकाच मशीनवर दोन पॅकेज इन्स्टॉल असिंकने एकदम सोडू नका, डीपीकेजीचं (पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रामचं) लॉक एकालाच मिळतं, दुसरा लॉकसाठी ताटकळतो किंवा एरर देऊन बाहेर पडतो.